चित्रातलं घर, आपलं घर



घरात लेकरांचं चित्रांचं एखादं पुस्तक असेल, तर आज ते उघडा. अक्षरं राहू द्या, नुसती चित्रं बघा. चुलीपाशी कोण आहे? पेपर कोण वाचतंय? झाडावर कोण चढलंय आणि खाली उभं राहून बघतंय कोण?

लेकरू अक्षरांच्या आधी चित्र वाचतं. दर पानावर आई भाकऱ्या थापताना आणि बाबा खुर्चीत बसलेले दिसले, तर ‘हे असंच असतं’ हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. पण चित्रं बदलता येतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा सोबत बसून भाजी निवडताना दिसले, बाई डॉक्टर दिसली.

कामं वाटून घेणं ही झाली एक बाजू. दुसरी जरा नाजूक आहे. एखाद्या मुलाला मेंदी आवडते, एखाद्या मुलीला केस बारीक कापून शर्ट-पँट घालायला आवडतं. ही आवड झाली. तेवढ्यावरून मुलगा मुलगी होत नाही. पण काही लेकरांना आतूनच वाटत असतं, ‘सगळे मला मुलगा म्हणतात, पण मी मुलगी आहे.’ ही आवड नव्हे, ओळख. अशी स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केला आहे.

हे पाच-सहा वर्षांच्या लेकराला कसं सांगायचं? कनक शशी यांनी लिहिलेली आणि चितारलेली गुठलीची गोष्ट ते सहज सांगते. गुठलीला बहिणीसारखा फ्रॉक हवा असतो. घरचे म्हणतात, तू मुलगा आहेस. हसरी गुठली गप्प होते. शेवटी आईच तिला फ्रॉक आणून देते. गोष्टीत ना भाषण, ना शिक्षा. लेकराचं गप्प होणं आईला दिसतं, एवढंच.

आपल्यालाही तेच करायचं आहे. मेंदीचा हात मुठीत लपवणारा मुलगा आपल्या गल्लीत, कदाचित आपल्याच घरात असेल. ‘बायल्या’ हा शब्द तो आधी आपल्याच तोंडून ऐकतो. तो शब्द आजपासून सोडू या. लेकराने काही विचारलं, तर दटावू नका. ‘तुला काय वाटतं?’ एवढंच विचारा आणि ऐकून घ्या.

आणि हो, आज रात्री गोष्ट बाबांना वाचायला सांगा. तेही एक चित्रच आहे, लेकरू ते बघत असतं.