खोडू नका, झाका!

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या कोणत्याही फोटो स्टुडिओत घटकाभर बसून पाहा. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला लग्नातला एक जुना फोटो निघतो. पंचवीस-तीस माणसं दाटीवाटीनं उभी. त्यातल्या कडेच्या फेटेवाल्या म्हाताऱ्यावर बोट ठेवून गिऱ्हाईक सांगतं, "आमच्या आबांना तेवढं बाहेर काढा. परवा तेरावा आहे. दुसरा फोटोच नाही."

वाचकहो, जन्मभर रानात राबलेल्या माणसाचा एकट्याचा फोटो घरात नसणं, ही खेड्यात नवलाची गोष्ट नाही. म्हणून गर्दीतून एक माणूस वेगळा काढण्याचं काम गावोगावच्या स्टुडिओवाल्या पोरांच्या वाट्याला येतं. हे काम नीट कशानं होतं आणि कशानं बिघडतं, ते गिऱ्हाइकानंही समजून घेतलेलं बरं.

आमच्या पाहण्यातली एक हकिकत सांगतो. असंच घाईचं काम होतं. पोरानं फोटो संगणकात घेतला आणि खोडरबराच्या हत्यारानं आजूबाजूची माणसं पुसत सुटला. फेटा पांढरा, मागची भिंतही पांढरी. पुसता पुसता फेट्याचा तुरा गेला, अर्धा कान गेला. वर त्यानं काम त्याच फाइलवर सेव्ह केलं. तेराव्याला छोट्या फोटोत कुणाच्या ध्यानात आलं नाही. पण पावसाळ्यात घर गळलं, कागदावरचा मूळ फोटो भिजून गेला. वर्षश्राद्धाला मोठा फोटो करायला घरची माणसं आली तेव्हा स्टुडिओत उरले होते ते अर्ध्या कानाचे आबा!

पोत्यावरचा पत्रा

यावर उपाय आहे, त्याला मास्क म्हणतात. धान्याच्या पोत्यावर नाव टाकायचा अक्षरं कापलेला पत्रा तुम्ही पाहिला असेल. पत्रा ठेवून रंग फिरवला की कापलेल्या जागीच तो उमटतो. बाकीचं पोतं झाकलेलं राहतं. पत्रा उचलला की पोतं जसंच्या तसं. मास्क म्हणजे फोटोवर ठेवलेला असाच पत्रा.

नियम एकच लक्षात ठेवा. मास्कवर पांढरं असेल तिथं फोटो दिसतो, काळं असेल तिथं झाकला जातो. करडं असेल तिथं अर्धवट दिसतो. नेहमीच्या फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 छटा असतात, म्हणून कड हळूहळू विरत नेता येते. पत्र्याला हे जमत नाही. आणि मुख्य म्हणजे खोडरबरानं पुसलेलं जातं, मास्कनं झाकलेलं खाली शाबूत राहतं. चुकून कान झाकला गेला तर पांढरा ब्रश फिरवा, कान परत येतो. आज नाही तर सहा महिन्यांनीही येतो.

ही युक्ती संगणकाच्या आधीची आहे. छापखान्यात फोटोवर लाल पारदर्शक फिल्म ठेवून नको तिथली फिल्म कापून काढत. छपाईच्या फिल्मला लाल रंग काळ्यासारखाच; पण कारागिराला मात्र त्यातून खालचं चित्र दिसे. फोटोशॉप 1990 साली बाजारात आलं. त्यात आजही क्विक मास्क लावला की झाकलेल्या भागावर लालसर पडदा दिसतो, तो त्या जुन्या फिल्मचाच वारसा.

काम कसं करावं?

स्टुडिओवाल्या मित्रांनो, आधी मूळ फोटोची एक प्रत बाजूला ठेवा. मग माणसाभोवती ढोबळ निवड करा आणि लेयरला मास्क जोडा. अलीकडे एका बटणावर माणूस निवडला जातो, पण दाटीच्या फोटोत शेजाऱ्याचा हातही सोबत येतो. तिथं काळा ब्रश घेऊन हातानंच निस्तरावं लागतं. X हे बटण दाबलं की ब्रशचा काळा-पांढरा रंग अदलाबदल होतो, त्यानं काम झपाट्यानं उरकतं.

सदऱ्याच्या, खांद्याच्या कडेला ब्रश कडक ठेवा. केस, मिशा, फेट्याचे सुटे धागे यांना मऊ ठेवा. पांढऱ्या भिंतीपुढच्या पांढऱ्या फेट्यावर रंग पाहून निवडणारी जादूची कांडी चालत नाही; दोन्ही तिला एकच वाटतात. तिथं फोटो मोठा करून कड डोळ्यानं ओळखावी. काम झालं की मागं गडद रंग टाकून पाहा, कडेला राहिलेली पांढरी रेघ लगेच उघडी पडते.

शेवटी फाइल पीएसडीमध्ये ठेवा. जेपीजीमध्ये मास्क टिकत नाही, ती प्रत फक्त छापायला. महागडं सॉफ्टवेअर परवडत नसेल तर गिंप फुकट मिळतं, त्यातही मास्क आहे.

मास्कची मर्यादा

जे फोटोत नाही ते मास्क आणू शकत नाही. आबांचा खांदा पाव्हण्याच्या मागं दडला असेल तर तो तिथं नाहीच. दुसऱ्याचा खांदा चिकटवण्यापेक्षा गळ्यापर्यंतचाच फोटो करावा. माणूस तरी खरा राहतो.

आणि एक पथ्य पाळाच. पंचनाम्याच्या, पीकविम्याच्या फोटोला यातलं काहीही लावू नका. गारपिटीनं झोडपलेल्या रानाचा फोटो हा पुरावा असतो. त्यात चांगल्या हेतूनं केलेला फेरफारही खऱ्या नुकसानीवर संशय आणतो.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी जुना फोटो घेऊन स्टुडिओत गेलात तर दोन गोष्टी मागून घ्या. मूळ फोटोची अखंड प्रत आणि मास्क असलेली फाइल. त्याहून सोपी गोष्ट म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच अंगणात बसवा आणि त्यांचा एकट्याचा एक चांगला फोटो काढून ठेवा.