एका संगणकात दोन कार्यप्रणाली : स्वतंत्र हार्ड डिस्कांची मांडणी आणि तिच्या मर्यादा

उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे १९८९ साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर हे भारतातील कंटेनर-वाहतुकीचे एक प्रमुख केंद्र होय. बंदराचे काम वरकरणी क्रेन, ट्रेलर आणि जहाजे यांचे दिसते. परंतु कोणता कंटेनर कोणाचा, तो कोठे ठेवला आहे आणि कोणत्या जहाजावर चढावयाचा आहे, ही सर्व माहिती संगणकात असते. ती हाती नसेल तर यंत्रे धडधाकट असूनही काम अडते. याचा प्रत्यय २७ जून २०१७ रोजी आला. युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमार्फत सुटलेला नॉटपेट्या नावाचा विघातक प्रोग्रॅम त्या दिवशी मेर्स्क या जहाज-कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात पसरला, आणि याच समूहातील एपीएम टर्मिनल्सच्या भागीदारीने न्हावा-शेवा येथे चालणाऱ्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणक बंद पडले. तेथील काम हाताने चालविण्याची पाळी आली.

या घटनेचा प्रस्तुत विषयाशी संबंध असा की, नॉटपेट्याने केवळ फायलींवर घाला घातला नाही. संगणक जेथून सुरू होतो त्या स्थानावरच त्याने घाला घातला. एकाच संगणकात दोन कार्यप्रणाली, म्हणजेच व्यवहारातील भाषेत ऑपरेटिंग सिस्टिम, दोन स्वतंत्र हार्ड डिस्कांवर बसविण्याच्या पद्धतीचे मर्मही त्याच स्थानी आहे. दोन डिस्का घेतल्या म्हणजे दोन्ही प्रणाली एकमेकींपासून सर्वस्वी अलग झाल्या, असा सर्वसाधारण समज आढळतो. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. संगणक सुरू कसा होतो

संगणकाचे बटण दाबल्याबरोबर प्रथम जागे होते ते मदरबोर्डावरील फर्मवेअर. हार्ड डिस्कवरील कार्यप्रणाली अद्याप निद्रितच असते. तिला उठविण्याचे काम फर्मवेअरचे. हे काम करण्याच्या दोन रीती रूढ आहेत.

जुनी रीत बायोसची. या रीतीत फर्मवेअर हार्ड डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचते व त्यातील सूचनांवर नियंत्रण सोपवून मोकळे होते. या सेक्टरास मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्याचा आकार अवघा ५१२ बाइटांचा. त्यांपैकी ४४६ बाइट सुरुवातीच्या सूचनांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या कोष्टकासाठी आणि उरलेले २ बाइट खुणेसाठी. १९८३ साली पीसी डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आलेल्या या रचनेत मुख्य विभाग चारच मावत, आणि दोन टेराबाइटांच्या किंचित वर असलेल्या मर्यादेपलीकडची जागा तिला मोजता येत नसे. शिवाय या सेक्टराची दुसरी प्रत कोठेही ठेवलेली नसे. एकाच डिस्कवर दोन कार्यप्रणाली बसविल्यास दुसरीने पहिलीचा बूट रेकॉर्ड पुसून त्या जागी आपला लिहावा, हा प्रकार म्हणूनच नित्याचा होता. नॉटपेट्यानेही याच सेक्टरावर आपल्या सूचना लिहिल्या. संगणक पुन्हा सुरू झाला की डिस्कची तपासणी चालू असल्याचा खोटा देखावा पडद्यावर दाखवीत तो फायलींची मुख्य सूची कुलूपबंद करी.

नवी रीत यूईएफआय या नावाने ओळखली जाते. इंटेलने आरंभिलेल्या या रचनेचा कारभार २००५ पासून अनेक कंपन्यांच्या एका मंचाकडे आहे. या रीतीत फर्मवेअर केवळ पहिला सेक्टर वाचीत नाही, तर डिस्कवरील एक लहानसा स्वतंत्र विभाग उघडते. त्यास ईएफआय सिस्टिम पार्टिशन म्हणतात. या विभागात प्रत्येक कार्यप्रणालीची आरंभ-फाइल आपापल्या फोल्डरात असते, आणि यांपैकी कोणती फाइल आधी उघडावयाची याची क्रमवार यादी मदरबोर्डावरील कायमस्मृतीत लिहिलेली असते. डिस्कच्या विभागांचे कोष्टकही बदलले. जीपीटी नावाच्या नव्या कोष्टकात सामान्यतः १२८ विभाग मावतात, व त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटी राखलेली असते.

यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. डिस्का दोन असल्या, तरी क्रमाची यादी एकच असते. आणि ती दोहोंपैकी एकाही डिस्कवर नसून मदरबोर्डावर असते.

२. मांडणीची योग्य रीत

विंडोज एका डिस्कवर असताना लिनक्स दुसऱ्या डिस्कवर बसविले, तर प्रत्येकीचे सर्वस्व आपापल्या डिस्कवर राहील, अशी स्वाभाविक अपेक्षा असते. परंतु ती आपोआप पुरी होत नाही. विंडोज बसविणाऱ्या प्रोग्रॅमला दुसऱ्या एखाद्या डिस्कवर ईएफआय विभाग आधीच तयार आढळला, तर तो आपली आरंभ-फाइल तेथेच ठेवून देतो; कार्यप्रणाली एका डिस्कवर आणि तिची किल्ली दुसरीवर, अशी स्थिती होते. लिनक्सच्या काही वितरणांचे प्रोग्रॅमही असेच वागत आले आहेत. हा दोष तत्काळ जाणवत नाही. पुढे पहिली डिस्क बिघडली किंवा काढून टाकली, की दुसरी धडधाकट असूनही सुरू होत नाही, तेव्हा तो उघडकीस येतो.

यावर खात्रीचा उपाय साधा आहे. एक प्रणाली बसवीत असताना दुसरी डिस्क संगणकापासून प्रत्यक्ष सोडवून ठेवावी. त्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवणे इष्ट.

प्रथम महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी. विंडोजमध्ये बिटलॉकर हे कुलूप चालू असेल, तर त्याची ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. कारण आरंभाची व्यवस्था बदलल्याची शंका येताच बिटलॉकर ही किल्ली मागतो, आणि ती नसेल तर मालकालाही आपली माहिती मिळत नाही.

त्यानंतर संगणक बंद करून वीज तोडावी व विंडोजची डिस्क सोडवावी. सॅटा जातीची डिस्क असल्यास तिची केबल काढणे पुरे. मदरबोर्डावर आडवी बसणारी एम-२ जातीची डिस्क असल्यास एक स्क्रू सोडवावा लागतो. मग नवी डिस्क एकटीच जोडून तिच्यावर लिनक्स बसवावे. या वेळी फर्मवेअर यूईएफआय रीतीतच आहे याची खात्री करून घ्यावी. एक प्रणाली जुन्या रीतीने व दुसरी नव्या रीतीने बसविल्यास पुढे निवड करणे त्रासाचे होते.

नवी प्रणाली आपल्या बळावर सुरू होते असे पाहिल्यावरच पहिली डिस्क पुन्हा जोडावी. आता दोन्ही डिस्कांवर स्वतंत्र ईएफआय विभाग झालेले असतात. नित्य लागणारी प्रणाली यादीत वर ठेवावी. दुसरी हवी असेल तेव्हा संगणक सुरू होताना एफ-१२ सारखी कळ दाबून ती निवडावी. ही कळ प्रत्येक उत्पादकाची निराळी असते. लिनक्सबरोबर येणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमच्या सूचीत विंडोजचे नाव घालून निवड सोपी करता येते. तसे करण्यास हरकत नाही. कारण लिनक्सची डिस्क उद्या नाहीशी झाली, तरी विंडोजची स्वतःची वाट फर्मवेअरमधून खुलीच राहते.

३. अलग होऊनही जे सामाईक राहते

उरणला समुद्रमार्गाने जाण्यायेण्यासाठी मोरा आणि करंजा असे दोन धक्के आहेत. मोऱ्याहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याकडे, तर करंजाहून रेवसकडे लाँच जाते. एका धक्क्यावरील दुरुस्तीने दुसऱ्याचे काम अडत नाही. भरती-ओहोटी मात्र दोहोंना एकच. दोन डिस्कांच्या बाबतीत ही सामाईक भरती-ओहोटी मदरबोर्डावर असते, आणि तिचे परिणाम तीन ठिकाणी स्पष्ट दिसतात.

पहिले स्थान घड्याळाचे. मदरबोर्डावर बॅटरीवर चालणारे एक घड्याळ असते. विंडोज त्यातील वेळ स्थानिक समजते. लिनक्स सामान्यतः ती जागतिक प्रमाणवेळ समजते. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असल्याने उरणात दुपारचे बारा वाजले असता लिनक्सने घड्याळात साडेसहा लिहिले, तर त्यानंतर सुरू केलेले विंडोज सकाळचे साडेसहा दाखविते. उलट विंडोजने बारा लिहिले असल्यास लिनक्स सायंकाळचे साडेपाच दाखविते. इंटरनेट जोडले की चूक बहुधा सुधारते, परंतु तोवर साठविलेल्या फायलींवर चुकीची वेळ पडलेली असते. मालाच्या आवक-जावकीची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत ही किरकोळ बाब नव्हे. दोहोंपैकी एका प्रणालीस दुसरीची रीत मानावयास सांगणे, हा यावरील कायमचा उपाय होय.

दुसरे स्थान सुरक्षित आरंभाचे, म्हणजे सिक्युअर बूटचे. विश्वासू सहीची आरंभ-फाइलच चालू द्यावयाची, ही ती व्यवस्था. १३ ऑगस्ट २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी एक सुधारणा प्रसृत केली. जुन्या व सदोष आरंभ-फाइलींना अटकाव करणे हा तिचा हेतू होता, आणि जेथे दोन प्रणाली आहेत अशा संगणकांना तीतून वगळावयाचे होते. परंतु असे काही संगणक ओळखले गेले नाहीत, आणि तेथे लिनक्स सुरू होईना. ही चूक मे २०२५ मध्ये दूर करण्यात आली. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, अटकावाची नोंद मदरबोर्डाच्या कायमस्मृतीत झालेली होती. विंडोजने लिनक्सच्या डिस्कला स्पर्शही केला नव्हता. तरी लिनक्स अडले. डिस्का वेगळ्या ठेवल्याने या अडचणीत काहीच फरक पडला नसता.

तिसरे स्थान अर्धवट झोपेचे. विंडोजच्या आठव्या आवृत्तीपासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. तीत संगणक बंद केल्यावरही विंडोज आपल्या अवस्थेचा एक भाग डिस्कवर जपून ठेवते, व पुढच्या वेळी तेथूनच काम सुरू करते. अशा स्थितीत लिनक्समधून विंडोजच्या डिस्कवर काही लिहिले, तर जपलेली अवस्था व प्रत्यक्ष डिस्क यांचा मेळ बसत नाही आणि फायली बिघडू शकतात. त्यामुळे लिनक्स अशी डिस्क बहुधा केवळ वाचण्यापुरतीच उघडते. दोन्ही प्रणालींतून एकच डिस्क वापरावयाची असेल, तर ही सोय बंद करणे श्रेयस्कर.

४. संरक्षण किती

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. न्हावा-शेव्यातील प्रसंगासारखा घाला पडल्यास दुसऱ्या डिस्कवरील लिनक्स वाचेल काय? नॉटपेट्या विंडोजसाठी रचलेला होता, आणि लिनक्सची फाइलरचना विंडोजला सामान्यतः उघडता येत नाही. त्यामुळे तेथील कागदपत्रे वाचण्याची शक्यता बरीच होती. परंतु हे संरक्षण घाला घालणाऱ्याच्या अज्ञानावर किंवा दुर्लक्षावर अवलंबून आहे. प्रशासकाचे अधिकार हाती आलेला प्रोग्रॅम जोडलेल्या कोणत्याही डिस्कच्या सेक्टरांवर थेट लिहू शकतो; तिची फाइलरचना कळण्याची त्याला गरज नसते. जोडलेली डिस्क ही त्याच्या आवाक्यातली डिस्क होय.

मेर्स्कच्याच अनुभवातून याची उलट बाजू दिसते. त्या कंपनीच्या जाळ्याची वापरकर्ता-सूची जगभरच्या अनेक सर्व्हरांवर होती, आणि ते सारे एकमेकांच्या प्रती असल्याने एकाच वेळी नष्ट झाले. वाचला तो घानामधील एक सर्व्हर. आणि तोही घाल्याच्या वेळी तेथील वीज गेल्यामुळे जाळ्यापासून तुटलेला होता म्हणून. त्याच्या आधाराने जाळे पुन्हा उभे करता आले. सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने बसवावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले. प्रतींची संख्या कितीही असो, तुटलेली एक प्रत ही जोडलेल्या अनेक प्रतींहून मोलाची ठरली.

५. आजची निकड

विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अकराव्या आवृत्तीस टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतले अनेक जुने संगणक तिच्याबाहेर राहतात. बंदराच्या आधाराने चालणारी लहान कचेरी असो वा महाविद्यालयाची प्रयोगशाळा, एखादे नित्याचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवरच चालते आणि नवा संगणक घेणे परवडत नाही, अशी अडचण अनेकांपुढे आहे. अशा वेळी स्वतंत्र डिस्कवर लिनक्स बसवून इंटरनेटवरील काम तेथे करावे, आणि विंडोज त्या एका सॉफ्टवेअरपुरते, शक्यतो जाळ्यापासून तोडून ठेवावे, हा मार्ग विचार करण्याजोगा आहे. सी-डॅकने २००७ पासून प्रसृत केलेली बॉस ही लिनक्सवर आधारित भारतीय कार्यप्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येते. त्यामुळे भाषेची अडचणही या मार्गात राहिलेली नाही.

सारांश, दोन डिस्कांची मांडणी एका प्रणालीच्या बिघाडापासून दुसरीचे रक्षण चांगल्या प्रकारे करते. मात्र बसविताना दुसरी डिस्क सोडवून ठेवली असली पाहिजे. घड्याळ, आरंभाची यादी आणि सह्यांची नोंद या बाबी त्यानंतरही सामाईकच राहतात, आणि त्यांची काळजी वेगळी घ्यावी लागते. जाणूनबुजून केलेल्या घाल्यापासून मात्र या मांडणीचा भरवसा धरता येत नाही. त्यासाठी महत्त्वाच्या माहितीची एक प्रत संगणकापासून सोडवलेल्या डिस्कवर, कपाटात, असावी लागते.