हिमायतनगर ते जवाहरनगर

पहाटे 4.30
मावशी खोलीला कुलूप लावतात. नवरा कचऱ्याची ऑटो सुरू करतो. दोघं देगलूरकडची, मांग समाजाची. सासू बहात्तरच्या दुष्काळात हैदराबादला आली, ती इथलीच झाली. जवाहरनगरच्या या वस्तीमागं कचऱ्याचा डोंगर आहे. साडेतीनशे एकरांचं डम्पिंग यार्ड. हैदराबादचा रोजचा सात हजार टनांहून जास्त कचरा इथं येतो. पहाटे वास जड असतो. मावशी पदर नाकाला लावत नाहीत. मी लावते.

सकाळी 6.15
हैदराबादचं हिमायतनगर. शिट्टी वाजते. इमारतीला लिफ्ट आहे, मावशी जिन्यानं चढतात. "लिफ्ट आपल्यासाठी न्हाई, वाचमननं सांगितलंय." चार मजले, दोन बादल्या. अशी चारशे घरं. घरामागं महिन्याला शंभर रुपये ठरलेत. बरीच घरं पन्नासच देतात, काही तेही नाही.

सकाळी 8.30
ऑटोच्या मागच्या भागात गुडघाभर कचऱ्यात उभं राहून त्या निवडतात. डाव्या हातात रबरी मोजा, उजवा हात उघडा. "मोज्यानं गाठ सुटत न्हाई, ताई." पिशवी फाडायची नसते, गाठ सोडायची. पिशवीही विकली जाते. आधी बाहेरून चाचपायचं, काच आहे का. मग हात आत. शिळी बिर्याणी, डायपर, करवंट्या, दुधाच्या पिशव्या. इंजेक्शनची सुई दिसली की त्या थांबतात, दोन बोटांत धरून प्लास्टिकच्या बाटलीत टाकतात. बाटली अर्धी भरलीय. मागच्या वर्षी अंगठ्यात काच घुसली. तीन टाके, आठशे रुपये, चार दिवसांचा खाडा. त्या चार दिवसांत घरोघरच्यांनी फोन केले. कचरा का उचलला नाही, हे विचारायला.

सकाळी 11.40
भंगारवाला. पुठ्ठा 14 किलो, नऊच्या भावानं 126. बाटल्या 6 किलो, 120. लोखंड 2 किलो, 50. एकूण 296. नवरा तिथूनच पंपावर जातो. डिझेल तीनशेचं.

दुपारी 1.10
लोअर टँक बंडचं ट्रान्सफर स्टेशन. ऑटो रिकामी होते, कचरा दाबून मोठ्या गाडीत भरला जातो. खाली काळं पाणी ठिबकतं. पलीकडच्या भिंतीच्या सावलीत भाकरी आणि ठेचा.

"या कामात आमचीच माणसं, न्हाईतर इकडचे मादिगा समाजाचे. दुसरं कोण दिसलं का सकाळधरनं?"

दिसलं नव्हतं. मी त्यांना अमेरिकेतल्या ह्यूस्टनचं सांगितलं. तिथं रॉबर्ट बुलार्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञानं कचरा टाकायच्या जागा शोधून काढल्या. शहराच्या मालकीच्या पाच जागा, पाचही काळ्या लोकांच्या वस्त्यांत.

"मग तिथल्या लोकांनी काय केलं?"

"1979 ला कोर्टात गेले. हरले."

मावशींनी पाण्याचा घोट घेतला. "गेले तर खरं."

दुपारी 4.00
परतीचा रस्ता, पंचवीसेक किलोमीटर. बंद मोठी गाडी आम्हाला मागं टाकून जाते. मावशी बोट दाखवतात. सकाळी चार मजले उतरवलेला कचरा त्यांच्या आधी घरी पोचणार आहे.

संध्याकाळी 6.30
2020 पासून इथं कचरा जाळून वीजही होते. पण जुन्या डोंगरातून झिरपणारं पाणी मल्कारम तलावात गेलं, त्याला वर्षं लोटली. मावशींच्या गल्लीतल्या बोअरचं पाणी पिवळट येतं. प्यायला वीस लिटरचा कॅन, पंधरा रुपयांना. हिमायतनगरात घरोघरी नळ पाहिलेत त्यांनी. धाकट्याचा खोकला आठवड्याचा आहे. औषध 140.

रात्री 9.30
वारा फिरतो. मावशी उठून खिडकी लावतात. खोली एक, माणसं पाच, भाडं तीन हजार. खिडकीही एकच, डोंगराच्या बाजूला.