जलतरण-स्पर्धेतील एक दिवस

नदीत किंवा विहिरीत पोहण्याचा आनंद तुमच्यापैकी पुष्कळांनी लुटला असेल. परंतु मुलामुलींची जलतरण-स्पर्धा तुम्ही पाहिली आहे काय? सकाळीच तलावाच्या काठी स्पर्धक हातपाय मोकळे करीत उभे असतात. वयाप्रमाणे त्यांचे गट पाडलेले असतात. कारण अकरा वर्षांच्या मुलाला सतरा वर्षांच्या तरुणाशी झुंजविणे योग्य नव्हे. ज्याने जेवढे मिळविले तेवढेच त्याच्या पदरी पडावे, हाच त्या दिवसाच्या साऱ्या व्यवस्थेचा हेतू असतो.

प्रथम तलावाकडे पाहा. मोठ्या स्पर्धांचा तलाव 50 मीटर लांब असतो. दोर ताणून त्याच्या मार्गिका पाडतात. दोरांत ओवलेल्या चकत्या पाण्याच्या धक्क्याने फिरतात आणि लाटा मोडतात. त्यामुळे एकाने उसळविलेल्या पाण्याचा शेजाऱ्याला फारसा अडथळा होत नाही. दोन्ही टोकांपासून 5 मीटरांवर पताका टांगलेल्या असतात. उताणे पोहणाऱ्यास भिंत दिसत नाही. पताकांवरून ती किती दूर आहे, हे त्याला कळते.

शिट्टी होताच स्पर्धक ओट्यावर चढतात आणि वाकून स्तब्ध राहतात. इशाऱ्यापूर्वी उडी घेणारा बाद होतो. एका मार्गिकेवर तीन घड्याळे असली आणि तिन्हींची वेळ निराळी भरली, तर मधली वेळ ग्राह्य धरतात.

आता एक शर्यत डोळ्यांसमोर आणा. ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे बेडकासारखे पोहणे, या प्रकारात भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी टेकवावे लागतात. एक मुलगी सर्वांच्या पुढे आहे. पण वळताना तिचा एकच हात भिंतीला लागतो. काठावरील पंच हात वर करतात. पहिली येऊनही निकालात तिचे नाव नसते. तिचे डोळे भरून येतात. नियम कठोर खरा. पण एका हाताने भिंत गाठणारा झटपट वळतो, आणि मग नियम पाळणाऱ्या इतर मुलींवर अन्याय झाला असता. दुपारी ती पुन्हा पाण्यात उतरते. या वेळी दोन्ही हात नीट टेकतात. ती तिसरी येते, आणि तो क्रमांक निर्विवादपणे तिचा असतो.

मोजणाऱ्यांनाही अशीच दक्षता घ्यावी लागते. 1972 साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये 400 मीटरांच्या एका शर्यतीत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी यांची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत सारखीच भरली. तेव्हा हजारावा भाग पाहून लार्सनला 2 सहस्रांश सेकंदाने विजयी ठरविले. तेवढ्या वेळात पोहणारा जेमतेम 3 मिलिमीटर पुढे सरकतो. दोन मार्गिकांच्या लांबीतसुद्धा इतका फरक असू शकतो! म्हणून पुढे शंभराव्या भागापलीकडे पाहणे बंद झाले. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या 100 मीटर फ्रीस्टाइल शर्यतीत कॅनडाची 16 वर्षांची पेनी ओलेक्सियाक आणि अमेरिकेची सिमोन मॅन्युएल या दोघींची वेळ 52.70 सेकंद भरली. दोघींनाही सुवर्णपदक मिळाले.

सायंकाळी तलावाचे पाणी शांत होते. थोड्यांच्या गळ्यात पदके असतात. बाकीच्यांजवळ केवळ स्वतःची वेळ असते. ती मागच्यापेक्षा अर्ध्या सेकंदाने जरी कमी झाली असली, तरी ती त्यांची स्वतःची कमाई असते. पदक नसले तरी मुले ती सांगतच घरी परततात.