मालेगावचा सुपरमॅन

फैजपूरहून जळगाव, धुळे ओलांडून मुंबईच्या रस्त्याने गेले की मालेगाव लागते. नाशिक जिल्ह्यातील हे शहर यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. हजारो मागांवर तेथे रात्रंदिवस कापड विणले जाते. शुक्रवारी मात्र मागांची खडखड थांबते. जुम्म्याची नमाज झाली की अनेक कामगारांची पावले सिनेमाकडे वळत. सिनेमाचे तेथील वेड तर विचारूच नका!

शफीक शेख हे याच मालेगावातील एक यंत्रमाग कामगार. अंगाने अगदी सडपातळ. पण हेच शफीक पडद्यावर सुपरमॅन झाले.

सुपरमॅन म्हणजे आकाशात उडणारा, दुबळ्यांना वाचवणारा वीर. १९३८ साली तो अमेरिकेतील चित्रकथेत प्रथम दिसला. जपानमध्येही असे वीर दूरदर्शनवर फार लोकप्रिय झाले. १९७१ साली हिरोशी फुजिओका हे 'कामेन रायडर' या मालिकेचे नायक होते. मोटारसायकलवरची साहसे ते स्वतः करीत. चित्रणाच्या वेळी पडून त्यांचा पाय मोडला, तरी बरे होऊन ते पुन्हा मालिकेत आले. अशा नटांच्या पाठीशी मोठ्या कंपन्या असतात. शफीक यांच्या पाठीशी होते त्यांचे मित्र.

त्या मित्रांत नासिर शेख हे प्रमुख. ते व्हिडिओ पार्लर चालवीत. 'मालेगाव के शोले' हा चित्रपट त्यांनी आधीच काढला होता. सुपरमॅनच्या वेळीही पैसा थोडा आणि युक्त्या फार! कॅमेरा पुढे सरकवायचा तर सायकल, उंच न्यायचा तर बैलगाडी. एकदा कॅमेराच पाण्यात पडला आणि काम अडले.

आता प्रश्न उडण्याचा. त्यासाठी नट हिरव्या कापडासमोर हात पुढे पसरून आडवा होतो. मग संगणकावर चित्रातील हिरवा रंग काढून टाकतात आणि त्या जागी आकाश बसवतात. नटाचे कपडे हिरवे असतील तर तेही आकाशात नाहीसे होतील! सुपरमॅनचा पोशाख निळा आणि लाल, म्हणून ही अडचण आली नाही.

या चित्रपटातील खलनायक मोठा मजेदार आहे. त्याला घाण आवडते. लोकांनी तंबाखू खावी आणि जागोजागी थुंकावे, असे त्याला वाटते. असा खलनायक आपल्या बसस्थानकावरही भेटतो, नाही का?

चित्रपट कसा तयार होत होता, यावर फैजा अहमद खान यांनी २००८ साली एक माहितीपट काढला. त्यामुळे मालेगावचे नाव परदेशातही पोहोचले. पण पडद्यावर तंबाखूशी लढणाऱ्या शफीक यांना स्वतःला तोंडाचा कर्करोग झाला. ते फार आजारी असताना मित्रांनी मालेगावात चित्रपटाचा खास खेळ ठेवला. शफीक यांनी तो पाहिला. २०११ साली, अगदी तरुण वयात, त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने गुटख्यावर बंदी घातली.

या मित्रांच्या जीवनावर रीमा कागती यांनी 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट काढला. २०२५ साली तो चित्रपटगृहांत आला. त्यात शफीक यांची भूमिका शशांक अरोरा यांनी केली आहे.