पुराआधीच संपलेलं औषध

गोंडपिपरी तालुक्याच्या टोकाला वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात नि प्राणहिता होऊन पुढे निघतात. संगमाजवळ एक नदी फुगलेली असली की दुसरीचं पाणी तुंबतं आणि नाल्यांतून उलटं गावाकडे चढतं. जुलै २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या वर्धाकाठाने मोठा पूर सोसला.

अशा वेळी हातपंप बुडतात. खोलवरचं पाणी सहसा जंतुमुक्त असतं. घाण शिरते ती वरून, फुटलेल्या ओट्यातून आणि केसिंग पाइपच्या कडेच्या फटीतून. ओटा उंच करणं आणि ती फट सिमेंटने बुजवणं, ही मला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित तयारी वाटते.

पूर ओसरल्यावर पाणी निर्जंतुक करायला भिस्त टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरवर. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, पण उष्णता, ओल आणि उजेडाने तो उडून जातो. चंद्रपूरचा मे महिना तर ४७ अंशांपर्यंत तापतो! पत्र्याच्या खोलीत उन्हाळा काढलेली गोणी जुलैत उघडली, की गावच्या जलसुरक्षकाने नेहमीच्या मापाने टाकलेली पावडर पुरत नाही. म्हणून साठा पावसाच्या तोंडावर ताजा मागवावा, थंड, कोरड्या जागी, बंद डब्यात ठेवावा. ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत पाणी पिवळं झालं तरच क्लोरीन उरला आहे असं समजावं. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा.

भूजल वर आलं की शौचालयाचा शोषखड्डाही तुंबतो. सखल वस्तीत तो उथळ, जोत्यावर उचललेला आणि हातपंपापासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला हवा.