रद्द झालेल्या मालिकेचे चिरस्थायी आकर्षण : 'फायरफ्लाय'च्या संदर्भात

दूरचित्रवाणी मालिकेचे यश सामान्यतः प्रेक्षकसंख्येवर मोजले जाते. या निकषानुसार 'फायरफ्लाय' ही अमेरिकन विज्ञानकथा मालिका अपयशी ठरली. जॉस व्हेडन यांची ही निर्मिती 'फॉक्स' वाहिनीवर सप्टेंबर २००२ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबरमध्ये बंद पडली. तयार झालेल्या १४ भागांपैकी तेव्हा केवळ ११ भाग प्रसारित झाले. तेही मूळ क्रमाने नव्हे. पात्रांचा परिचय करून देणारा आरंभीचा भाग तर सर्वांत शेवटी दाखविण्यात आला. साहजिकच कथेची संगती प्रेक्षकांपर्यंत पोहोचू शकली नाही.

डिसेंबर २००३ मध्ये सर्व भाग डीव्हीडी संचात योग्य क्रमाने उपलब्ध झाले. या संचाला मिळालेल्या प्रतिसादामुळे २००५ मध्ये 'सेरेनिटी' हा चित्रपट निर्माण होऊ शकला.

या आकर्षणाचे मूळ केवळ अपूर्णतेच्या हुरहुरीत शोधणे योग्य होणार नाही. मालिकेचा नायक माल्कम रेनॉल्ड्स हा गृहयुद्धात पराभूत झालेल्या पक्षाचा सैनिक आहे. येथे परग्रहवासी नाहीत. जुनाट यान, पैशाची चणचण, मिळेल ते काम आणि एकाच मेजाभोवती जेवणारी नऊ माणसे आहेत. विजेत्यांच्या व्यवस्थेत पराभूतांनी स्वाभिमानाने कसे जगावे, हा तिचा मध्यवर्ती प्रश्न आहे आणि तो कालबाह्य होत नाही.

तात्पर्य, प्रेक्षकसंख्या ही प्रथम प्रसारणाची मोजदाद असते. ती कलाकृतीच्या मूल्यमापनाची जागा घेऊ शकत नाही.